कमळकाकींची गर्दी

"बाई, जरा सरका. हिरॉईन गेली तरी चालंल, मागचा भाजीवाला जायला नको."

कमळकाकी माझ्याशी बोलल्या ते हे पहिलं वाक्य. सापगावच्या शाळेत मी नव्याने रुजू झाले होते. राहायला जागा शोधत त्यांच्या ओटीवर चढले आणि 'खोली आहे का' असं विचारायच्या आतच बाजूला सरकावं लागलं. टीव्हीवर गाणं चाललं होतं. नायिका भर बाजारातून नाचत निघाली होती आणि काकी पडद्यापासून हातभर अंतरावर पाट टाकून, त्या बाजाराच्या डाव्या कोपऱ्याकडे टक लावून बसल्या होत्या. भाजीवाला दिसेनासा झाला तेव्हा कुठे त्यांनी मान वळवली. मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "मुरबाडकडच्या का तुमी?" मी हो म्हटलं. "खोली मागच्या अंगाला हाय. आधी चहा घ्या."

मी गणित शिकवते. हिशेबात न बसणारी गोष्ट दिसली की मला चैन पडत नाही. काकींच्या टीव्ही बघण्याने पहिले काही महिने माझं डोकं पार उठवलं. साठी ओलांडलेली, काटक, काष्टा घट्ट मारलेली ही बाई दुपारचं जेवण आवरून टीव्हीसमोर बसायची ती दिवेलागणीपर्यंत. पण गोष्टीत तिला काडीचाही रस नव्हता. मालिकेत सुनेचा छळ चालला की शेजारच्या बायका पदर डोळ्यांना लावत. काकी म्हणत, "एवढा मोठा बंगला आणि दारावरनं एक माणूस जात नाय. असल्या घरात पोरगी दिलीच कशाला?" बातम्यांमधल्या चर्चा त्यांना मुळीच खपत नसत. "नुसती डोकी आणि मागं भिंत. काय बघायचं त्यात?" क्रिकेट मात्र फार आवडायचं. मध्ये ती चारदोन माणसं उगाच पळापळ करतात, पण चहूकडे गर्दी काय सुरेख बसवलेली असते, असं त्यांचं मत होतं. देवादिकांच्या मालिकेतल्या लढाईत एकच सैनिक तीन वेळा मेलेला त्यांनी मला बोटाने दाखवला होता. "हा सकाळपासनं मरतोय बिचारा, घरी जेवायला तरी सोडा त्याला." दक्षिणेकडच्या हाणामारीच्या सिनेमांबद्दल त्यांना आदर होता. "मारामारी फालतू. पन माणसं भरपूर ठेवतात. मन मोठं हाय त्यांचं."

एकदा भुताचा सिनेमा लागला होता. मोकळ्या केसांची एक मुलगी छताला उलटी लटकून किंचाळत होती. मला हसू आलं, पण काकी गंभीर होत्या. "हे भूत नाय, बाई. पावडर लावलेली पोरगी हाय. गेलेली माणसं अशी आरडाओरडा करत नाय. ती आपली गप उभी रहातात." एवढं बोलून त्यांनी चॅनेल बदललं. ते वाक्य त्यांनी दुधाचा भाव सांगावा इतक्या सहज उच्चारलं होतं, म्हणूनच मला त्याचा थोडा त्रास झाला.

घरात तिसरं माणूस म्हणजे त्यांची सून वनिता. काकींचा एकुलता एक मुलगा दशरथ, मी सापगावात यायच्या आठ वर्षं आधी, पौषात म्हशाच्या जत्रेला म्हणून गेला तो परत आलाच नाही. बरोबरच्यांनी सांगितलं, बैलबाजारात होता आमच्या शेजारी, वळून बघितलं तर नव्हता. तक्रार झाली, शोध झाला, देवऋषी झाले. वनिताचं लग्न होऊन तेव्हा वर्षही उलटलं नव्हतं. ओटीवरच्या भिंतीवर लग्नाचा फोटो होता. त्यात दशरथाचा चेहरा मुंडावळ्यांनी एवढा झाकला होता की हनुवटी आणि एक कान सोडून काही कळत नव्हतं. तेव्हापासून वनिता मंगळसूत्र घालून शेजारच्या कारखान्यात पॅकिंगला जायची, आणि ती सधवा की विधवा हे गावात कोणी मोठ्याने विचारत नसे.

हे कळल्यावर मला वाटलं, माझं गणित सुटलं. गर्दीत हरवलेल्या मुलाला आई गर्दीत शोधते, एवढंच. मला काकींची फार दया आली आणि त्या भरात मी एक दिवस म्हणून गेले, "काकी, दिसेल हो तुमचा दशरथ. कधीतरी नक्की दिसेल."

काकींच्या हातातला कप खाली आला. "बाई, असं वंगाळ बोलू नका. तो दिसू नये म्हणून तर मी बघते."

मग त्यांनी मला सगळं सांगितलं, अगदी शांतपणे. माणूस गेला की तो जुन्या सिनेमांतल्या गर्दीत येऊन उभा राहतो. नव्या नाही, जुन्या. आधी शंभरदा पाहिलेल्या बाजारात, जत्रेत, स्टेशनावर एक दिवस एक माणूस जास्त असतो. बाकीची गर्दी हिरोकडे बघत असते. तो एकटा आपल्याकडे बघतो. काकींना हे पहिल्यांदा कळलं त्यांचे मालक गेले तेव्हा. तेराव्यानंतर घरात कोणीतरी टीव्ही लावला आणि एका वरातीच्या मागे, बँडवाल्यांच्या बाजूला मालक उभे होते. "डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. मला बघून काय बोलले नाय. मी पन नाय बोलले, घरात पाव्हणे होते."

"म्हणून मी रोज बघते," काकी म्हणाल्या. "सगळं बघते. दशरथ कुठंच नाय. म्हणजे तो हाय." हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता. मुलं परीक्षेत पास झाली की आयांचे चेहरे उजळतात ते मी दरवर्षी बघते.

मी अर्थातच विश्वास ठेवला नाही. शूटिंग बघायला जमलेली माणसं कॅमेऱ्याकडे बघणारच, त्यात नवल काय, असं मी त्यांना समजावलं. काकींनी ऐकून घेतलं. पुढे दोनेक महिन्यांनी आमचे दूधवाले भिकूदादा गेले. त्यांची मान लहानपणापासून डावीकडे कललेली होती. पंधरा दिवसांनी दुपारी काकींनी मला खोलीतून हाक मारली. काळ्या-पांढऱ्या सिनेमातली एक सभा चालू होती, माझ्या जन्माच्याही आधीची. पुढारी भाषण करत होता, लोक त्याच्याकडे बघत होते, आणि खांबापाशी एक म्हातारा डावीकडे मान कलवून सरळ आमच्या ओटीकडे बघत होता. "आले बघा," काकी म्हणाल्या. मी म्हटलं, कोणाचीही मान वाकडी असू शकते. पण दुसऱ्या दिवशीपासून मी चहा शाळेत घ्यायला लागले आणि महिनाभर ओटीवर बसले नाही.

तरी पुन्हा बसायची वेळ आलीच. काकींना काचबिंदू झाला होता. डॉक्टरांनी सांगितलं, गेली ती नजर परत येणार नाही, राहिली आहे ती सांभाळा. काकींनी ती सांभाळली नाही, टीव्हीवर खर्च केली. मी येऊन तिसरं वर्ष संपता संपता त्यांना उजेड आणि अंधार यापलीकडे काही कळेनासं झालं. त्या दिवशी त्या माझ्या खोलीच्या दारात चाचपडत आल्या. या बाईने तोपर्यंत माझ्याकडे काहीही मागितलेलं नव्हतं. म्हणाल्या, "वनिताला नाय सांगवत. तिला बघवणार नाय. तुमी बघा माझ्यासाठी. तुमचा विश्वास नाय ना, मग तुमाला भ्याव पन नाय."

त्यानंतर शाळा सुटली की मी बघायची आणि काकी ऐकायच्या. मी हिरोबद्दल अवाक्षर बोलायचं नाही, असा नियम होता. "डावीकडे छत्रीवाला. त्याच्यामागे दोन बायका, एकीच्या कडेवर मूल. पुलावर सायकलवाला, उतरला, निघाला." "आपल्याकडं कोण बघतं?" "कोणी नाही." "बरं." दर वेळी ते 'बरं' म्हणताना काकी श्वास सोडायच्या. हळूहळू मलाही गर्द्या पाठ झाल्या. त्यातली एक तर वर्गाच्या हजेरीइतकी पाठ होती. दोन भावांच्या ताटातुटीचा एक जुना सिनेमा दर दोन-तीन महिन्यांनी लागायचा. त्यात धाकटा भाऊ बाजारातून पळत जातो तेव्हा मागे बरोबर चौदा माणसं असतात. बांगडीवाला आहे, दोरीचं बंडल घेऊन चाललेला हमाल आहे, शाळकरी मुली आहेत. शेवटी उसाच्या रसाचा गाडा येतो आणि त्या गाड्यामागे नुसती भिंत. तिथे कोणी नसतं.

मग दशरथ हरवल्याला बारा वर्षं भरली. आमच्याकडे हरवलेला माणूस बारा वर्षं आला नाही तर त्याला गेला असं धरतात. पळसाच्या पानांचा पुतळा करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात, आणि नदीवर नेऊन त्याला अग्नी देतात. मग सुतक, दहावं, तेरावं, सगळं रीतसर. काकींचे दीर हरिभाऊ विचारायला आले. हा माणूस खरोखर भला होता, शब्द जपून वापरत होता. "वहिनी, पोरीचा इचार करा. तिच्या भावानं मुरबाडकडं एक जागा बघितलीय. बायको वारलेला माणूस हाय, चांगला हाय, वरीसभर थांबलाय. पुतळा झाल्याशिवाय तिला मोकळी कशी करायची?"

"दशरथ दिसला नाय अजून," काकी म्हणाल्या. "जित्या पोराला आग लावू का मी?"

हरिभाऊ तीनदा आले आणि तीनदा परत गेले. वनिता चौतिशीची झाली होती. एका रविवारी मी मागच्या पडवीत कपडे वाळत घालत होते तेव्हा ती आली आणि बादलीपाशी उकिडवी बसली. "बाई," ती हळूच म्हणाली, "आईंचा तुमच्यावर भरवसा हाय. एकदा सांगा ना, दिसला म्हणून. एकदाच. मी त्यांना सोडून जानार नाय, येत राहीन. पन मला जगू द्या."

मी तिला काही वचन दिलं नाही, म्हणजे तोंडाने दिलं नाही. पण मी विचार करायला लागले, आणि गणिताच्या बाईने विचार केला की तो पद्धतशीरच असतो. कुठल्याही येणाऱ्याजाणाऱ्या चेहऱ्याला दशरथ म्हणायचं माझ्या जिवावर आलं. म्हणून मी रिकामी जागा निवडली. दोन भावांचा सिनेमा, चौदा माणसांचा बाजार, रसाच्या गाड्यामागची भिंत. तिथे कोणी नाही हे मला छातीठोक माहीत होतं. तिथे एक माणूस उभा आहे, पांढऱ्या सदऱ्यात, आपल्याकडे बघतोय, असं सांगायचं. मी ते मनात चार वेळा म्हणूनही पाहिलं.

सिनेमा बुधवारी दुपारी लागला. शाळेला सुट्टी होती. बाहेर लख्ख ऊन होतं, कोणीतरी भात वाळत घातला होता, कोंबड्या हाकलल्याचा आवाज येत होता. वनिता दारात पीठ मळत बसली होती. धाकटा भाऊ पळायला लागला. मी सुरू केलं, "बांगडीवाला. हमाल. मुली." माझा आवाज ठीक होता. गाडा आला.

गाड्यामागे एक माणूस उभा होता.

भिंतीला पाठ लावून, हात खाली सोडून. बाजारातली चौदाही माणसं पळणाऱ्या मुलाकडे बघत होती. हा बघत नव्हता. तो माझ्याकडे बघत होता, आणि मग त्याची नजर किंचित बाजूला गेली, माझ्या डावीकडे, जिथे काकी बसल्या होत्या.

"कोण हाय?" काकींनी विचारलं. मी थांबले होते.

"दशरथ आहे, काकी," मी म्हटलं. ठरवलेलंच वाक्य होतं ते.

पडद्यावरून गाडा गेला, बाजार गेला, दुसरंच काही सुरू झालं. काकी हलल्या नाहीत. "वाळलाय का?" त्यांनी विचारलं. "नाही." "आंगात काय हाय?" पांढरा सदरा म्हणायचं होतं मला. तोंडातून निघालं, "निळा स्वेटर. गळ्याशी उसवलेला." दारात वनिताचा हात पिठात थांबला. काकींनी पदर तोंडावर ओढून घेतला. मग म्हणाल्या, "हरिभाऊला निरोप धाडा. कर म्हणावं आता काय ते."

संध्याकाळी वनिताने मला गाठलं. "जत्रेला जाताना घातलेल्या स्वेटरचं तुमाला कोणी सांगितलं?" मी म्हटलं, "तूच कधीतरी म्हणाली असशील." तिने आठवून पाहिलं, आणि मान डोलावली. तिला ते खरं मानायचं होतं आणि मलाही.

पुतळा भातसा नदीच्या काठी झाला. पळसाची पानं काकींनी स्वतः हाताने चाचपून निवडली. किडकं पान लागलं की बाजूला टाकायच्या. हाताची पानं कुठली आणि छातीची कुठली हे भटजींना विचारून त्यांनी दोऱ्याने बांधून दिली. अग्नी हरिभाऊंनी दिला. काकी रडल्या नाहीत, आणि बायका म्हणाल्या की बारा वर्षांत डोळेच सुकले असतील. पुढच्या वैशाखात वनिताचं लग्न झालं. काकींनी तिला स्वतःच्या हातांनी साडी नेसवली. त्या दिवसापासून त्यांनी टीव्ही लावायला सांगितलं नाही, आणि मी तर बघतच नव्हते. सुट्टीच्या दिवशीही मी शाळेत जाऊन बसायची, वह्या तपासायची, तपासलेल्या पुन्हा तपासायची. घरातला तो काळा पडदा बंद असला तरी त्याच्याकडे पाठ करून बसायचं मला जमत नव्हतं.

यंदाच्या श्रावणात काकी आजारी पडल्या. छातीत कफ झाला, अन्न सुटलं. वनिता मुरबाडहून येऊन राहिली होती आणि दिवसरात्र त्यांचं करत होती. एका दुपारी ती दुकानात गेली तेव्हा काकींनी मला जवळ बसवलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

"बाई, त्या दिवशी पडवीत तुमी दोघी बोलत होत्या ना, मी भिंतीपलीकडंच होते. डोळं गेलं, कान नाय गेलं."

मी त्यांची उशी नीट केली.

"रागावले नाय हो. पोरीचं बरोबर होतं. तिला मी बांधून ठेवली होती. पन माझ्या तोंडानं माझ्याच्यानं हो म्हनवत नव्हतं. तुमी खोटं बोललात आणि मला वाट मिळाली." त्या दम खायला थांबल्या. "पुतळा जाळताना मी घाबरले नाय. भटजींना आधीच विचारून घेतलं होतं. असा माणूस जिता परत आला तर त्याचं परत बारसं करतात. पाळण्यात घालतात म्हने, एवढ्या मोठ्या बाप्याला." काकी हसल्या, मग खोकल्या. "हरिभाऊला सांगून ठेवलंय. नाव दशरथच ठेवा म्हणावं. मी नसले तर तुमी जा बारशाला. तो येणार. दिसलाच नाय ना कुठं."

मी त्यांच्या पायावर चादर ओढली.

"तो स्वेटर वनितानं सांगितला ना तुमाला?"

"हो," मी म्हटलं.

"आणि गाड्यामागं कोण नव्हतं."

त्यांचे डोळे माझ्यावर रोखलेले होते. त्यांना दिसत काही नव्हतं, हे माहीत असूनही मला मान खाली घालावी लागली. मुलं खोटं बोलली तर मी त्यांना वर्गाबाहेर उभं करते.

"कोणी नव्हतं काकी. खोटं बोलले मी."

काकींनी श्वास सोडला. "बरं," म्हणाल्या.

थोड्या वेळाने त्यांना तरतरी आल्यासारखं वाटलं. माझा हात धरून त्या म्हणाल्या, "लावा की आज टीव्ही. लई दिवस झाले. बघा, दिसत नाय ना कुठं?" मी उठले आणि टीव्ही लावला. आवाजावरून कुठल्याशा सिनेमातली जत्रा चालू असावी. मी पडद्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसले, आणि एक छत्रीवाला, दोन बायका, पुलावरचा सायकलवाला, अशी पाठ असलेली माणसं काकींना एकेक करून सांगत राहिले, वनिता परत येईपर्यंत.